बुडत्याला पेट्रोलचा आधार

मित्रांनो, टिनटिनच्या कॉमिक्समधले प्रोफेसर कॅल्क्युलस आठवतात का? कानाने कमी ऐकणारे, गोल चष्म्याचे, हातात कायम लोलक घेऊन भलत्याच दिशेला चालणारे? माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे लहानपणी फास्टर फेणेच्या आधी माझी ओळख या गृहस्थांशी झाली. १९४३ साली आलेल्या एका गोष्टीत ते पहिल्यांदा येतात आणि येतानाच शार्कच्या आकाराची पाणबुडी घेऊन येतात. हे सगळं चित्रकार हर्जेच्या डोक्यातून निघालं असेल असंच मला बरीच वर्षं वाटत होतं. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बॉयन्सीचा चॅप्टर आला, लायब्ररीत थोडी शोधाशोध केली, तेव्हा कळलं की या प्रोफेसरांचं मॉडेल खरंखुरं होतं! ब्रुसेल्सच्या रस्त्यावर हर्जे त्यांना येता-जाता पाहत असत. खरे प्रोफेसर ताडमाड उंच होते. कॉमिकच्या चौकटीत मावणार नाहीत म्हणून हर्जेंनी त्यांना बुटकं करून टाकलं, एवढाच काय तो फरक.

त्यांचं नाव ऑग्युस्त पिकार. १९२७ च्या सॉल्व्हे परिषदेचा तो प्रसिद्ध ग्रुप फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. आइन्स्टाइन, मेरी क्युरी, बोर, सगळे एका फ्रेममध्ये! त्यात मागच्या रांगेत डावीकडून पहिला उभा असलेला उंच माणूस म्हणजे आपले पिकार सर. इतक्या नोबेलवाल्यांच्या गर्दीत आपलं लक्ष त्यांच्याकडे जात नाही. पण माझ्या मते त्या फोटोत आपल्या, म्हणजे इंजिनिअरांच्या, जातीचा माणूस तोच.

पिकार यांचा जन्म २८ जानेवारी १८८४ चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावचा. वडील ज्यूल पिकार तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ऑग्युस्तला जुळा भाऊ होता, झाँ. दोघे इतके सारखे दिसत की ओळखणं मुश्कील. दोघेही झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात शिकले. ऑग्युस्त मेकॅनिकलला, तर झाँ केमिकलला. (आपल्या हॉस्टेलवर हे दोघे असते तर प्रॉक्सी अटेंडन्सचा प्रश्न कायमचा मिटला असता!) दोघांनाही बलूनचं वेड. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्विस सैन्याच्या बलून पथकातही दोघांनी काम केलं.

पण एक गंमत सांगतो. आकाशात जाण्याच्या कितीतरी आधी पिकार यांच्या डोक्यात समुद्राचा तळ होता. कॉलेजात असताना त्यांनी कार्ल खून या जर्मन शास्त्रज्ञाच्या सागरी मोहिमेचा वृत्तांत वाचला. खोल पाण्यातून जाळ्यात वर आलेले मासे वाटेतच मरत, त्यांचं खरं रूप कुणालाच पाहायला मिळत नसे. मग माणसानेच खाली का जाऊ नये, असा विचार या पोराच्या मनात आला. एक मजबूत, हवाबंद गोल करायचा, त्यात माणूस बसवायचा आणि तो गोल तरंगवायला काहीतरी हलकं वर बांधायचं. म्हणजे पाण्यातलं बलूनच म्हणा ना! कल्पना झकास होती, पण विद्यार्थ्याकडे पैसा कुठला? ती वहीतच राहिली. पण पुसली गेली नाही, हे महत्त्वाचं.

१९२२ मध्ये ते ब्रुसेल्सच्या विद्यापीठात फिजिक्सचे प्राध्यापक झाले. तेव्हा कॉस्मिक किरणांचा विषय एकदम गरम होता. वातावरणाच्या जाड थरातून येताना ते किरण बदलतात, म्हणून त्यांचं मोजमाप थेट वर जाऊन करायला हवं होतं. पण पंधरा किलोमीटरवर हवा इतकी विरळ की उघड्या टोपलीत बसलेला माणूस जगूच शकत नाही. इथे वहीतला गोल कामाला आला. त्यांनी ॲल्युमिनियमची २.१ मीटर व्यासाची हवाबंद केबिन बनवून घेतली. पत्र्याची जाडी फक्त ३.५ मिलिमीटर. बेल्जियमच्या राष्ट्रीय विज्ञान निधीने पैसे दिले, म्हणून निधीच्या आद्याक्षरांवरून बलूनचं नाव ठेवलं एफएनआरएस.

२७ मे १९३१ च्या पहाटे जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून पिकार आणि त्यांचे सहायक पाउल किप्फर हवेत गेले. वेताच्या टोपलीत उशी बसवून डोक्याला हेल्मेट केलेलं! वर जाताच पहिला दणका. केबिनला एक फट पडली होती आणि हवा सुसू करत बाहेर चाललेली. पिकार सरांनी व्हॅसलीन आणि ताग यांचा लगदा करून फट बुजवली. मग बॅरोमीटर फुटून पारा सांडला. पारा ॲल्युमिनियमला खातो हे केमिस्ट्रीवाल्यांना सांगायला नको, आणि ॲल्युमिनियमच्या पलीकडे होतं मरण. त्यांनी रबरी नळीचं एक टोक बाहेरच्या निर्वाताकडे जाणाऱ्या नळाला लावलं, दुसरं पाऱ्यावर धरलं आणि सगळा पारा बाहेर ओढून टाकला. फुकटचा व्हॅक्यूम क्लीनर! तिसरी अडचण सगळ्यात वाईट होती. गॅस सोडायची दोरी अडकली, त्यामुळे खालीच येता येईना. वर उन्हात केबिन तापून अंगाची लाही, पाणी संपलेलं, दोघे भिंतीवर साठलेले थेंब चाटत होते. शेवटी ऊन उतरलं, गॅस थंड झाला आणि संध्याकाळनंतर बलून आपोआप खाली आलं ते ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीवर. सुमारे सतरा तास हवेत, उंची १५,७८१ मीटर. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये जाऊन जिवंत परत आलेली ही पहिली माणसं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅक्स कोसिन्सना घेऊन पिकार पुन्हा १६ किलोमीटरच्या वर गेले. आज आपण विमानात बसून आरामात सँडविच खातो, ती हवा भरलेली केबिन खऱ्या अर्थाने उंचावर नेऊन दाखवली ती याच माणसाने.

जगभर नाव झालं होतं, वय पन्नाशीकडे. दुसरा कोणी असता तर आयुष्यभर भाषणं देत फिरला असता. यांनी जुनी वही काढली.

आता थोडं टेक्निकल बोलू या. कंटाळा करू नका, सबमिशनपेक्षा नक्की सोपं आहे! त्या वेळचा खोलीचा विक्रम होता अमेरिकेच्या विल्यम बीब आणि ओटिस बार्टन यांचा. १९३४ साली ते पोलादी गोलात बसून ९२३ मीटर खाली गेले होते. पण तो गोल जहाजातून लांब दोरखंडाने लोंबकळत होता. दोर तुटला की खेळ खलास. शिवाय जितकं खोल जावं तितका दोरखंड स्वतःच्याच वजनाने जड होत जातो. पिकार यांचं म्हणणं असं की दोर हवाच कशाला? बलूनला कुठे आकाशातून दोर बांधलेला असतो?

पण दोर काढला तर गोल वर कसा येणार? साध्या पाणबुडीत जो सांगाडा दाब सोसतो, तोच तिला तरंगवतोही. थोड्या खोलीपर्यंत हे जमतं. पण दहा-अकरा किलोमीटर खाली दाब हजार वातावरणांच्या वर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक टनाहून जास्त. तो सोसायला भिंत इतकी जाड करावी लागते की गोल पाण्यापेक्षा जड होतो आणि दगडासारखा बुडतो. म्हणजे त्याला वर खेचणारा फ्लोट हवा. त्यात हवा भरली तर ती दाबाने चिरडून जाणार. थर्माकोल लावला तरी तीच कथा. समुद्रशास्त्रज्ञ गंमत म्हणून थर्माकोलचे पेले उपकरणांबरोबर खोल पाण्यात पाठवतात, ते वर येतात तेव्हा बाहुलीच्या भातुकलीतले झालेले असतात.

पिकार यांनी उत्तर काढलं, पेट्रोल! पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, पाण्यात मिसळत नाही आणि द्रव असल्यामुळे फारसं दबत नाही. आता खरी खुबी बघा. पेट्रोलची टाकी त्यांनी खालून समुद्राला उघडी ठेवली. पेट्रोल दाबाने थोडं आकसलं की तेवढं समुद्राचं पाणी खालून आत शिरतं. त्यामुळे टाकीच्या आत आणि बाहेर दाब कायम सारखा. फरकच नाही तर टाकी फुटेल कशाला? म्हणून ती साध्या पत्र्याची केली तरी चालते. थोडक्यात काय, तर त्यांनी एका यंत्राची दोन कामं वेगळी केली. जे तरंगतं ते मजबूत असायची गरज नाही, आणि जे मजबूत आहे ते तरंगायची गरज नाही. मला हे वाक्य लिहायला सोपं गेलं, पण याच्या आधी ते कुणाला सुचलं नव्हतं.

खाली जायला वजन म्हणून लोखंडी छर्रे भरायचे. वर यायचं झालं की छर्रे सोडून द्यायचे, बलूनमधून वाळू टाकतात तसे. पण ऐनवेळी झडप अडकली तर? १९३१ ची ती अडकलेली दोरी माणूस कसा विसरेल! म्हणून छर्रे धरून ठेवायला त्यांनी इलेक्ट्रोमॅग्नेट वापरले. वीज चालू आहे तोवर छर्रे जागेवर. बॅटरी संपली, वायर तुटली, काहीही बिघडलं की छर्रे गळून पडणार आणि यान आपोआप वर येणार. बिघाड झाला तर माणूस घरी पोचेल, असं डिझाइन! आपल्या इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी याला खास सलाम करावा.

या यानाला त्यांनी ग्रीक शब्द जोडून बॅथिस्काफ, म्हणजे खोल पाण्याचं जहाज, असं नाव दिलं. काम सुरू झालं आणि दुसरं महायुद्ध आलं. सगळं ठप्प. युद्धानंतर पुन्हा जुळवाजुळव करून एफएनआरएस-२ तयार झालं आणि १९४८ च्या शरद ऋतूत आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडे केप व्हर्दे बेटांजवळ चाचण्या झाल्या. पिकार आणि तेओदोर मोनो हे दोघे बसून फक्त २५ मीटर खाली गेले. मग यान रिकामं सोडलं, ते १३८० मीटरपर्यंत जाऊन आपोआप परत आलं. तत्त्व सिद्ध झालं! पण परत आलेलं यान जहाजावर घेता येईना. पेट्रोलने भरलेला अजस्र फ्लोट क्रेनला उचलवत नव्हता, आधी पेट्रोल काढायला हवं होतं, आणि समुद्र खवळलेला. लाटांनी पातळ पत्र्याचा फ्लोट चेपून टाकला, पेट्रोल सोडून द्यावं लागलं. हजार मीटर खाली ज्याला काही झालं नाही, त्याचा पृष्ठभागावर चक्काचूर!

वर्तमानपत्रांनी टीका केली. चौसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याने जनतेचा पैसा पाण्यात घातला, असाच एकूण सूर. पुढे यान फ्रेंच नौदलाकडे गेलं. तोच गोल घेऊन नवा फ्लोट बांधायचं काम तिथे सुरू झालं, पिकार नुसते सल्लागार. आपली आयुष्यभराची कल्पना दुसऱ्याच्या हातात, आणि आपण बाजूला खुर्चीवर. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये ज्याच्यावर असं आलं असेल त्याला हे दुःख कळेल.

इथे त्यांचा मुलगा झाक कथेत येतो. झाक शिकला होता अर्थशास्त्र आणि अभ्यासाच्या निमित्ताने त्याचा संबंध आला इटलीच्या सीमेवरच्या त्रिएस्ते शहराशी. त्या शहराने वडिलांना नवं यान बांधायला मदत देऊ केली. यानाचं नावही त्रिएस्ते. पोलादी गोल तेर्नीच्या कारखान्यात घडवला, फ्लोट त्रिएस्तेजवळच्या गोदीत. या वेळी फ्लोट भक्कम केला होता. पेट्रोल भरूनच समुद्रातून ओढत न्यायचा, क्रेनने उचलायची भानगडच नको. ३० सप्टेंबर १९५३ ला भूमध्य समुद्रात पोंझा बेटाजवळ बाप-लेक दोघे गोलात बसले आणि ३१५० मीटर खाली जाऊन आले. पिकार तेव्हा ६९ वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात लोक नातवाला शाळेत सोडायला जातात!

पुढच्याच फेब्रुवारीत फ्रेंच यान दोघांना घेऊन ४०५० मीटरवर गेलं आणि विक्रम त्यांच्याकडे गेला. पण कल्पना आणि मूळ गोल पिकार यांचेच. त्रिएस्तेला मात्र पैशांची चणचण कायम. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने ते विकत घेतलं आणि जर्मनीतल्या क्रुप कंपनीकडून जास्त जाड भिंतीचा नवा गोल करून घेतला. बाहेरचा व्यास २.१६ मीटर, भिंत १२.७ सेंटिमीटर, वजन १३ टन. कॅल्क्युलेटर काढा आणि हिशोब करून पाहा. हा गोल समुद्राचं साधारण साडेपाच टन पाणी बाजूला सारतो, म्हणजे पाण्यातही तो साडेसात-आठ टनांचा दगडच. वर फ्लोटमध्ये सुमारे ८५,००० लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल समुद्राच्या पाण्यात जेमतेम ३०० ग्रॅम वजन उचलतं. म्हणजे एकूण पंचवीस-सत्तावीस टन. त्यात गोल, टाकीचा पत्रा आणि नऊ टन छर्रे, सगळं आलं.

२३ जानेवारी १९६० ला झाक आणि अमेरिकी नौदलाचा लेफ्टनंट डॉन वॉल्श पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत उतरले. जगातली सगळ्यात खोल जागा, पावणेअकरा किलोमीटरहून जास्त. जायला पावणेपाच तास लागले. नऊ हजार मीटरच्या आसपास मोठा आवाज होऊन गोल हादरला. प्रवेशनळीच्या खिडकीला तडा गेला होता. तरी ते खाली गेले, वीस मिनिटं तळावर थांबले, छर्रे सोडले आणि सव्वातीन तासांत वर आले. त्या दिवशी पिकार सरांना ७६ वं वर्ष लागायला नव्हे, पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. मी कधी कधी विचार करतो, मुलगा तिकडे खाली असताना या माणसाला काय वाटत असेल? दुसऱ्याच्या डिझाइनवर विश्वास ठेवणं सोपं असतं. स्वतःच्या डिझाइनमध्ये स्वतःचा मुलगा बसवणं म्हणजे खरी व्हायवा. त्यात सगळी उत्तरं बरोबर यावी लागतात.

दोन वर्षांनी, २४ मार्च १९६२ ला, लोझान इथे ऑग्युस्त पिकार गेले. जुळा भाऊ झाँ पुढच्या वर्षी, आपल्या वाढदिवशीच गेला. घराण्याचं वेड मात्र थांबलं नाही. नातू बर्ट्रांडने १९९९ मध्ये ब्रायन जोन्सबरोबर बलूनमधून न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे त्याच्या चमूचं सौरऊर्जेवरचं विमान जगप्रवासाला निघालं तेव्हा मार्च २०१५ मध्ये आपल्या शेजारी अहमदाबादलाही उतरलं होतं.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. पिकार यांच्या यानाची दुखरी नस कोणती? गोल नव्हे, फ्लोट. पेट्रोल गळतं, पेटतं, थंड झालं की आकसतं, आणि मुख्य म्हणजे हजारो लिटर लागतं. उत्तर आलं ते मटेरिअलवाल्यांकडून, सिंटॅक्टिक फोम. नाव जड आहे, वस्तू सोपी आहे. काचेचे पोकळ गोळे घ्यायचे, एकेक केसाच्या जाडीच्या आसपासचा, आणि ते इपॉक्सी रेझिनमध्ये कालवून घट्ट होऊ द्यायचे. राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. राजगिरा म्हणजे काचेचे गोळे, गुळाचा पाक म्हणजे इपॉक्सी. तयार झालेला ठोकळा पाण्यापेक्षा हलका, तरी किलोमीटरांच्या खोलीवर न चेपणारा. करवतीने कापा, हव्या त्या आकाराचा करा, यानाला स्क्रूने बसवा आणि क्रेनने सरळ उचला! १९६४ मध्ये आलेल्या अमेरिकेच्या ॲल्विन या छोट्या पाणबुडीत हाच फोम होता. २६ मार्च २०१२ ला जेम्स कॅमेरॉन एकटा मारियाना गर्तेत गेला, तेव्हा त्याच्या यानाचा बहुतेक भाग फोमचाच होता. नुसता फ्लोट नाही, यानाचा कणाही तोच.

प्रत्येक लिटरमागे हा फोम पेट्रोलपेक्षा फार जास्त वजन उचलतो असं नाही. अगदी खोलवरचा फोम तर जवळपास तेवढंच उचलतो. फायदा आहे तो घन असण्याचा. पण मला यात एक वेगळीच गोष्ट दिसते. पिकार यांनी मजबुती आणि तरंगणं ही दोन कामं वेगळी केली होती. फोमने ती पुन्हा एकत्र आणली. फोममधला काचेचा प्रत्येक कण म्हणजे काय? आत पोकळी, भोवती गोल भिंत, बाहेरून प्रचंड दाब. म्हणजे पिकार सरांचा गोलच की! फक्त दोन मीटरचा एक गोल होता, त्याचे आता कोट्यवधी झाले.

चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने तीन माणसांना ६००० मीटर खाली नेण्यासाठी मत्स्य-६००० ची आखणी केली, तिचा टायटॅनियमचा गोलही २.१ मीटरचाच आहे. १९३१ च्या बलूनची केबिनही तेवढीच होती. आकाश असो की समुद्र, आत गुडघे दुमडून बसणारा माणूस त्याच मापाचा राहतो.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी टीव्हीवर समुद्राच्या तळाचे चित्रण लागेल आणि रोबोटच्या डोक्यावर पिवळा किंवा नारिंगी ठोकळा दिसेल, तेव्हा तो नुसता सजावटीचा भाग समजू नका. रूममेटला उठवा आणि सांगा की या ठोकळ्याच्या जागी एकेकाळी पंच्याऐंशी हजार लिटर पेट्रोल होतं, आणि त्याच्याखाली टांगलेल्या गोलात बसायला एका बापाने आपला मुलगा पाठवला होता.